बोरूबहाद्दर

चाळिशी लागली की माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात. नाकावर चष्मा चढतो आणि डोक्यात छंद शिरतो. आमच्या शाखेतल्या एकाने बासरी घेतली, दुसऱ्याने खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता लावला. मी सुलेखन धरले. वास्तविक या तिन्हींत कढीपत्ता तेवढा संसाराच्या उपयोगी पडणारा. परंतु हे मला फार उशिरा कळले.

त्याचे असे झाले. चिरंजीवांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत एक मुलगी टाकाने ‘हॅपी बर्थडे’ लिहीत होती. लिहीत कसली, रांगोळीच घालत होती म्हणा ना! अर्ध्या मिनिटात ते संपले आणि अर्ध्या तासात मी टाक, निबा, शाई आणि चार ब्रशपेने असा बाराशे रुपयांचा सरंजाम मागवून बसलो.

‘‘त्यापेक्षा वाण्याची यादी नीट लिहा,’’ सौ. म्हणाली. ‘‘तुम्ही ‘रवा’ लिहिता आणि तो ‘खा’ वाचतो. काल विचारत होता, वहिनी, अर्धा किलो काय खायचं?’’

आता हा दोष काही माझा एकट्याचा नाही. ‘र’ आणि ‘व’ शेजारी बसले की त्यांचा ‘ख’ होतो, या घोटाळ्यापायीच प्रमाण देवनागरीत ‘ख’चे पाय खालून जोडले गेले. पण इतिहासाचे दाखले देऊन वाणसामान मिळत नाही.

रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचे टेबल अडवून मी रुंद निबाने ‘श्री’ काढला. तो जिथे भरायला हवा होता तिथे रोडावला आणि जिथे नाजूक हवा होता तिथे सुजला. बाबा पलंगावरून बघत होते. ते बँकेतूनच निवृत्त झालेले. त्यांनी लिहिलेले लेजर बघायला म्हणे दुसऱ्या शाखेतले लोक येत. आता हात थरथरतो, त्यामुळे ते फक्त बघतात.

‘‘अरे, निब इंग्रजी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या अक्षराचा कल त्यांच्या उलटा. शाळेत गुरुजी बोरू कापून द्यायचे, तो दुसऱ्या बाजूने तिरका असे. मग आम्ही कित्ता गिरवायचो.’’

म्हणजे बाराशे रुपये उलट्या बाजूला पडले होते! माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. भांडवल गुंतले, तर निदान मागचा ताळेबंद तरी पाहावा, म्हणून मी वाचनालय गाठले.

तिथे पहिले भेटले समर्थ रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अख्खा लेखनक्रियेवर आहे. ब्रह्म आणि माया घटकाभर बाजूला ठेवून समर्थ शाई, कागद, लेखणी आणि सुरी यांविषयी बोलतात. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे. कडेला भरपूर जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजत नाही. (समासात समास सोडायला सांगणारे समर्थच!) आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच उपयोगी पडत नाही. ही शेवटची सूचना मी चष्मा पुसून दोनदा वाचली.

पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात. कारभार चाले मोडीत. मोडीचे श्रेय लोक यादवांच्या हेमाडपंताला देतात, पण त्याबद्दल पंडितांत एकमत नाही. लिहिण्याची रीत मात्र पक्की होती. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग होता होईल तो हात न उचलता तिला अक्षरे लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हांचा जाच नाही. म्हणजे ज्या ज्या गोष्टींसाठी मी शाळेत छड्या खाल्ल्या, त्या सर्व एके काळी सरकारमान्य होत्या!

मोडीच्या वळणांची नावे पाहा: चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. यांत एकाही राजाचे नाव नाही. सगळी बैठी मंडळी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधींनी मोजतात. ते लिहिणारे स्वतःला कलावंत समजत नव्हते. ते पगारी होते, घाईत होते आणि वरिष्ठ त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते. वाचता वाचता मी दचकलो. अरे, हे तर आपलेच लोक! लढाई गाजवणाऱ्यांनी या जमातीला हिणवून ‘बोरूबहाद्दर’ म्हटले. पण लढाई कोणी जिंकली, हे आज आपल्याला कळते ते बोरूमुळेच.

त्यांचा मुकुटमणी म्हणजे शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांची एक गोष्ट सांगतात. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितले, कामाच्या रगाड्यात ते राहून गेले, आणि महाराजांनी वाचायला सांगताच बाळाजींनी कोरा कागद हातात धरून अख्खे पत्र खडाखडा वाचून दाखवले. गोष्ट खरी असो वा नसो, कारकुनाला ती पटते. मीही ऑडिटच्या वेळी कोऱ्या कागदावरून बरेच वाचलेले आहे. फरक एवढाच, की बाळाजींचे कौतुक झाले आणि मला मेमो मिळाला.

मग हे वैभव गेले कुठे? १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले. पुढे जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’चे सुबक टाइप आले. बोरूची जागा टाकाने घेतली, टाकाची टंकलेखन यंत्राने, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून निवृत्त झाली, तीही पेन्शनशिवाय. हातातले काम गेले. आणि काम गेले की त्याची कला होते, हा जगाचा नियम दिसतो. इंग्लंडात एडवर्ड जॉन्स्टन नावाच्या गृहस्थांनी डॉक्टरकीचा नाद सोडून ब्रिटिश म्युझियममधली जुनी हस्तलिखिते न्याहाळली, जुने लेखक रुंद टोकाची लेखणी कशी चालवत असतील याचा माग काढला आणि १८९९ पासून लंडनमध्ये ते शिकवू लागले. १९०६ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. आज रुंद निबेने हौसेने लिहिणारे जगभरचे लोक त्यांच्याच पंक्तीला बसलेले आहेत.

आपल्याकडची ही पंगत तर अगदी उपनगरांतच मांडलेली निघाली. नाटकांच्या जाहिरातींत नावालाच नाटकाचा चेहरा देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) आमच्या मुलुंडचे. पेपरातल्या त्या दोन इंचांत अक्षर असे उभे राही, की तिकीट काढण्याआधीच पडदा वर गेल्यासारखे वाटे. पवईच्या आयआयटीत र. कृ. जोशी शिकवीत. २००८ साली ते गेले. परंतु विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनी घडवलेला. म्हणजे बँकेच्या संगणकावर इतकी वर्षे मी ज्या अक्षरांत मराठी सूचना टाइप करत आलो, तीही एका सुलेखनकाराच्या हातची होती आणि मला पत्ता नव्हता! मोडीचा अभ्यास करून तिला देवनागरीशेजारी बसवणारी ‘मुक्तलिपी’ अच्युत पालवांनी काढली, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बोरूला मिळालेली ही उशिराची का होईना, पण पदोन्नतीच.

एवढा इतिहास घेऊन मी घरी आलो, तर बाबा हातात एक चेक घेऊन बसले होते. परत आलेला. शेरा होता: सही जुळत नाही. बँकेचे नाव सांगत नाही. तिथला कारकून नियमाप्रमाणेच वागला. हाच शेरा मी स्वतः किती म्हाताऱ्यांच्या चेकांवर मारला असेल, त्याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही.

‘‘अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या,’’ बाबा म्हणाले, ‘‘आता माझीच मला ओळखू येत नाही.’’

काय बोलावे ते सुचेना. मी माळ्यावरून जुन्या आकाशकंदिलाची कामटी काढली आणि ब्लेड घेऊन त्यांच्यापुढे बसलो. ते सांगत गेले, मी कापत गेलो. ‘‘इकडून तिरका. अरे, इकडून! आता मधोमध चीर दे.’’ तीन कामट्या वाया गेल्या, एक बोट कापले, चौथ्यात बोरू झाला. बाबांनी तो शाईत बुडवला आणि कागदावर तळहाताएवढा ‘श्री’ काढला. थरथर होतीच, पण त्या रुंद रेघेच्या पोटात ती बरीचशी जिरून गेली. वळण मात्र तेच होते, लेजरातले.

दुसऱ्या दिवशी नवीन नमुना सही द्यायला आम्ही दोघे गेलो. काउंटरवरचा पोरगा कार्ड पुढे सरकवून म्हणाला, ‘‘सावकाश करा आजोबा. मोठी झाली तरी चालेल.’’ सही चौकटीच्या जराशी बाहेर गेली. पोरग्याने कार्ड निरखले आणि मान डोलावली. त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर थरथरती सही आली की मी आधी माणसाकडे बघतो आणि मग कार्डाकडे.

रोज संध्याकाळी बाबा आता मला कित्ता घालतात. वाण्याची यादीसुद्धा बोरूनेच लिहायची, असा त्यांचा दंडक आहे. ‘‘र आणि व यांच्यात बोटभर जागा सोड,’’ ते बजावतात. वाण्याला रवा बिनचूक कळतो. मात्र अक्षर इतके मोठे येते, की एका कागदावर चारच जिन्नस मावतात. पाचवा कढीपत्ता असतो, तो सौ. माझ्या सहकाऱ्याकडून फुकट मागवते.