सायनसची दुर्बीण शस्त्रक्रिया : शिकणे आणि शिकवणे

नाकपुडीतून बारीक दुर्बीण आत घेऊन, चेहऱ्यावर किंवा हिरडीत काप न देता, सायनसच्या मूळ वाटा मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया. डॉक्टर तिला ‘फेस’ (फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी) म्हणतात, रुग्ण ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात. नाक चोंदणे, घट्ट शेंबूड, वास न येणे, चेहरा जड होणे असा त्रास बारा आठवड्यांहून जास्त टिकला आणि फवारे, औषधे, नाक धुणे यांनी तो हटला नाही, की तिचा विचार होतो. प्रस्तुत नोंद ही शस्त्रक्रिया कशी शिकतात व शिकवतात याविषयी आहे. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत ती आता नेहमीची झाली आहे. पण काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत उपचाराला येणाऱ्या भाट्ये गावच्या रुग्णाला तिचा पूर्ण लाभ मिळायचा, तर ते कौशल्य जिल्ह्यात रुजावे लागते. आणि ते शिकवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. गालात मॅक्सिलरी, कपाळात फ्रंटल, दोन डोळ्यांच्या मधे एथमॉइडच्या लहान लहान खोल्या आणि सर्वांत मागे स्फेनॉइड. यांतील एथमॉइडचा शेजार भयंकर आहे. बाजूला डोळ्याची खोबण, आणि मधली भिंत इतकी पातळ की तिच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘कागदी पत्रा’ असा होतो. वर मेंदूचे आवरण. तिथल्या छपराचा सर्वांत नाजूक भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असू शकतो. मागे स्फेनॉइडच्या भिंतीवर दृष्टिचेता आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी. काही माणसांत त्यांच्यावर हाडाचे कवचही नसते. बॉस्टनचे हॅरिस मोशर यांनी १९२९ मध्येच बजावले होते की, नाकातून केलेली एथमॉइडची शस्त्रक्रिया ही रुग्णाचा जीव घेण्याची सोपी वाट ठरली आहे. त्या काळी कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, बव्हंशी हाताच्या अंदाजाने हे काम चाले.

दुर्बीण नाकात घालण्याचा पहिला प्रयत्न १९०१ मध्ये हिर्शमान यांनी केला. मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीतच त्यांनी बदल करून घेतला होता. खरा पालट झाला तो ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास काचेच्या दांड्यांची भिंगव्यवस्था शोधल्यावर. जर्मनीतील कार्ल श्टोर्झ यांनी ती वैद्यकीय दुर्बिणीत उतरवली. चार मिलिमीटर जाडीच्या नळीतून लख्ख, रुंद चित्र दिसू लागले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी याच दुर्बिणीने श्लेष्मा वाहतो कसा, हे वर्षानुवर्षे पाहिले. सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस श्लेष्म्याला ठरल्या वाटेने मूळ तोंडाकडेच ढकलतात. तळाशी दुसरे भोक पाडले तरी तो त्याला वळसा घालून जुन्याच दाराशी जातो. १८९० च्या दशकापासून चालत आलेल्या कॉल्डवेल-ल्यूक शस्त्रक्रियेत हिरडीवरून गालाचे हाड फोडून, अस्तर खरवडून, खाली खिडकी पाडत असत. तिचा पायाच या निरीक्षणाने हलला. आजार दारात असतो, खोलीत नव्हे, हा मेसरक्लिंगर यांचा धडा. त्यांचे नाकाच्या एंडोस्कोपीवरील पुस्तक १९७८ मध्ये इंग्रजीत आले. त्यांचे शिष्य हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी हे तंत्र जगभर शिकवले. ‘फंक्शनल’ हे विशेषण असलेले नाव १९८५ मध्ये केनेडी यांच्या लेखनातून रूढ झाले. त्याच सुमारास सीटी स्कॅन सरसकट मिळू लागल्यामुळे रुग्णाच्या नाकाचा नकाशा शस्त्रक्रियेआधीच हाती येऊ लागला.

शिकवण्याच्या दृष्टीने दुर्बिणीइतकाच महत्त्वाचा ठरला तो तिला जोडलेला कॅमेरा. आरंभी शल्यविशारद दुर्बिणीला डोळा लावून काम करी. शेजारचा शिकाऊ डॉक्टर सक्शन धरून उभा. आत काय चालले आहे हे त्याला गुरूच्या बोलण्यावरूनच कळायचे. कॅमेरा आला आणि दोघांची नजर एकाच पडद्यावर पडली. गुरू बोट दाखवून ‘इथं थांब’ म्हणू शकला. मात्र हात अजूनही एकाचाच चालतो. पोट उघडलेल्या शस्त्रक्रियेत गुरूला शिष्याच्या हातावर हात ठेवता येतो, नाकपुडीत दुसऱ्या हाताला जागा नाही. म्हणून इथे शिकवणे म्हणजे बोलणे, आणि नेमके बोलणे. ‘थोडं वर’ असे म्हणणारा शिक्षक धोका वाढवतो. ‘मधल्या टर्बिनेटच्या बाहेर, बुलाच्या खालच्या कडेशी’ असे म्हणणारा तो टाळतो. (टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची हाडाची वळकटी, बुला म्हणजे एथमॉइडची फुगीर खोली.)

महाराष्ट्रात हे शिक्षण कान-नाक-घसा विषयाच्या तीन वर्षांच्या एमएस अभ्यासक्रमात मिळते. त्याची पदवी १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते; याशिवाय डीएनबी ही वाट आहे. मुंबईतील केईएम, शीव, नायर, जेजे आणि पुण्यातील ससून यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णसंख्या अफाट, म्हणून पाहायला खूप मिळते. पाहण्याने नजर तयार होते, हात होत नाही. वॉर्डात ‘एक बघा, एक करा, एक शिकवा’ ही जुनी म्हण अजून ऐकू येते. सायनसच्या बाबतीत ती धोकादायक आहे.

चांगल्या विभागात क्रम साधारण ठरलेला असतो. आधी ओपीडीत जाग्या माणसाच्या नाकात दुर्बीण फिरवायची. माणूस डोळे मिटून घेतो, शिंकतो, मान मागे घेतो. तिथे हलका हात आपोआप घडतो. मग ओटीत नुसता कॅमेरा धरणे: चित्र आडवे-तिडवे न होऊ देणे, भिंगावर रक्त लागले की पुसून परत त्याच जागी येणे. त्यानंतर अन्सिनेट नावाचे कोयत्याच्या आकाराचे पातळ हाड काढणे, गालाच्या सायनसचे तोंड मोठे करणे, बुला उघडणे. बेसल लॅमेला हा पडदा ओलांडून मागे जाणे ही दुसऱ्या टप्प्याची परवानगी. फ्रंटलची वाट सर्वांत शेवटी, कारण तिथे ४५ किंवा ७० अंशांच्या तिरक्या भिंगातून पाहावे लागते आणि हत्यार जिथे दिसते तिथे जात नाही असे नवख्याला वाटत राहते.

प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सीटीच्या पट्ट्या शिष्याने स्वतः वाचून दाखवल्या पाहिजेत. घ्राणखाच, म्हणजे नाकाच्या छपरातला घ्राणचेतांचा खळगा, किती खोल आहे हे त्यात पाहायचे. केरोस यांनी १९६२ मध्ये केलेल्या वर्गीकरणात १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर असे तीन प्रकार आहेत, आणि खोली वाढली की छपराला इजा होण्याची भीती वाढते. कागदी भिंतीत आधीच फट आहे का, डोळ्याच्या खोबणीतून येणारी पुढची एथमॉइड धमनी हाडातून जाते की लोंबते, एखादी मागची खोली दृष्टिचेतेला वेढून बसली आहे का, हेही. ही धमनी तुटून डोळ्याच्या खोबणीत आखडली तर आतल्या रक्तस्रावाने दाब चढतो आणि दृष्टी वाचवण्यासाठी जेमतेम तास-दीड तास मिळतो.

एक कृती इथे जवळून पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोळे कापडाने झाकत नाहीत. पडद्यावर काहीतरी पिवळट, मऊ दिसले आणि शिष्याला ते पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ वाढ, वाटले, तर शिक्षक हत्यार थांबवायला सांगतो. सहकारी रुग्णाच्या मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून डोळा हलकेच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. नाकात ती पिवळी गाठ त्याच तालात पुढे आली, मागे गेली, की समजावे कागदी भिंत फुटली आहे आणि समोर डोळ्याभोवतीची चरबी आहे. तिला हात लावायचा नाही, ओढायचे तर नाहीच. तुकडा आधीच निघाला असेल तर तो पाण्याच्या वाटीत टाकून बघतात. पॉलिप बुडते, चरबी तरंगते. विशेषतः कापणे आणि शोषणे एकदम करणारे मायक्रोडिब्रायडर हातात असताना ही सवय लागलेली हवी, कारण ते यंत्र १९९० च्या दशकात आले तेव्हापासून काम वेगवान झाले आणि चूकही तितकीच वेगवान झाली.

रक्ताने चित्र झाकले की कौशल्य निरुपयोगी ठरते. डोके थोडे वर ठेवणे, अॅड्रेनलिनच्या पट्ट्या पुरेसा वेळ नाकात राहू देणे, भूलतज्ज्ञाने नाडी मंद ठेवणे हे म्हणूनच अभ्यासक्रमाचा भाग आहे. दिसेनासे झाले तर पट्टी भरून थांबणे, आणि तरीही दिसत नसेल तर त्या दिवशी काम सोडून देणे, हे शिकवणारा शिक्षक मोठा.

रुग्णाआधी सराव कशावर करायचा, हा प्रश्न भारतीय शल्यपरंपरेला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय संपूर्ण सरावावर आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी; आणि सळई घालून पोकळीचा माग घेण्याच्या कर्मासाठी किडीने पोखरलेले लाकूड, वेळू आणि वाळलेल्या भोपळ्याचे तोंड. अंधाऱ्या, वाकड्या वाटेत हत्याराच्या टोकाने चाचपडणे हेच सायनसचे मूळ कौशल्य असल्याने ही निवड आजही पटते. नाकाच्या शस्त्रकर्मात महाराष्ट्राचे नाव जगात पोचले तेही शिकण्याच्याच वाटेने. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या नव्या नाकाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात छापून आले. ते वाचून इंग्रज शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी आधी शवांवर हात बसवला आणि मग १८१४ मध्ये पहिला रुग्ण घेतला.

आजचा सराव बकरीच्या किंवा मेंढीच्या डोक्यावर होतो. रचना माणसासारखी तंतोतंत नसली तरी दोन हातांचा मेळ बसायला ते पुरते. खरी शाळा मात्र शवावरच. राज्यात याला १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाचा आधार आहे. बेवारस मृतदेह आणि देहदान या दोन्ही वाटांनी शव महाविद्यालयाकडे येते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या शवाचे अस्तर मात्र चामड्यासारखे कडक होते, त्यामुळे ताजे गोठवलेले किंवा मऊ राहणारे शव उपयोगी. अशी मऊ पद्धत वॉल्टर टील यांनी १९९२ मध्ये मांडली, आणि तीही ग्राझमधूनच. शीतगृह, दुर्बिणी आणि शिकवणारी माणसे एकत्र असलेल्या जागा थोड्या आहेत. मोठ्या शहराबाहेरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी पैसे भरून दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेला जावे लागते. हे शवशिक्षण फुकट आणि सक्तीचे असायला हवे.

२०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलीतली ‘काळी बुरशी’, राज्यभर पसरली. नियोजित शस्त्रक्रिया बंद आणि सडलेले ऊतक काढण्याच्या दुर्बीण शस्त्रक्रिया रात्रंदिवस, अशी स्थिती होती. त्या तुकडीच्या निवासी डॉक्टरांनी फार सोसले आणि फार शिकले. पण ते शिकणे जिवंत रक्त दिसेपर्यंत काढत जाण्याचे होते. फेसचे तंत्र नेमके उलटे, अस्तर राखण्याचे. दोन्ही हात वेगळे घडवावे लागतात.

आता पुन्हा भाट्ये. तिथून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मुंबई ३४० च्या आसपास. शस्त्रक्रियेसाठी एकदा जाणे जमते. नंतरचे काम मात्र एका फेरीत संपत नाही: पहिले काही आठवडे दुर्बिणीने खपल्या काढाव्या लागतात, मधले टर्बिनेट बाहेरच्या भिंतीला चिकटले तर सोडवावे लागते. हे न झाल्यास उघडलेले दार पुन्हा बुजते. या सफाईला मोठी ओटी लागत नाही, शिकलेला हात लागतो. म्हणूनच २०२० मध्ये अधिसूचित झालेली जिल्हा निवासी योजना, ज्यात एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात घालवायचे असतात, या विषयासाठी मोलाची आहे. सावर्डे-डेरवणचे वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून चालते, रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. खाडीपलीकडून रिक्षाने येऊन, नाक साफ करून, दुपारच्या आत घरी पोचता येईल इतके हे जवळ आले तर रुग्ण फेऱ्या चुकवत नाही. दरम्यान घरी त्याने करायचे ते एवढेच: उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, सकाळ-संध्याकाळ वाकून नाक धुणे. जलनेती ठाऊक असलेल्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही, फक्त जोरात शिंकरू नये एवढे सांगावे लागते.