सालाझार : जमाखर्चाचा प्राध्यापक

दमण बमरोलीच्या दक्षिणेस आहे. 1961 पर्यंत तेथील तिजोरीची किल्ली ज्यांच्या हाती होती, त्यांच्याविषयी आज बोलतो.

आंतोनियो सालाझार हे कोईंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. 1928 मध्ये लष्करी राजवटीने त्यांना अर्थमंत्रिपद देऊ केले, तेव्हा प्रत्येक खात्याच्या खर्चावर नकाराधिकार मिळावा, अशी अट त्यांनी घातली. पहिल्याच अंदाजपत्रकात शिल्लक दिसली, वाहवा झाली. माझ्या मते पुढची हुकूमशाही त्या अटीतच दडलेली होती. 1932 चे पंतप्रधानपद हा तिचा विस्तार. जमाखर्च जुळला खरा, पण तो तपासणार कोण? पक्षांवर बंदी, वृत्तपत्रांवर नियंत्रण.

1930 च्या वसाहत कायद्याने गोवा-दमणकरांना दुय्यम ठरविले. त्याच वर्षी मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. लिस्बनने तो जुमानला नाही. 1954 मध्ये आपल्या शेजारचे दादरा-नगर हवेली मुक्त झाले, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले; 1960 च्या निकालाने तेथे सैन्य नेण्याचा हक्क नाकारला.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली. सालाझारांचा हुकूम होता, शरण जायचे नाही. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मोडून 19 तारखेला शस्त्रे खाली ठेवली. 1963 मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले.