साखळी, पिन आणि रुळाचा तुकडा

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, आणि घाट चढणाऱ्या आगगाड्यांना रेटा देणारी जादा इंजिने आजही कर्जत स्थानकातच जोडली जातात. या स्थानकाला लागून असलेल्या, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील भिसेगावाला त्यामुळे लोखंडाच्या संगतीचे फारसे नवल उरलेले नाही. तथापि ज्या साखळीच्या जोरावर आज येथील घरोघरची मोटारसायकल धावते, ती या रुळांवरून आलेली नसून मँचेस्टरहून मद्रासमार्गे, आणि तीही पुष्कळ उशिराने, तालुक्यात दाखल झाली.

तिचे आजचे रूप निश्चित करणारा हान्स रेनॉल्ड हा जन्माने स्विस. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथे जेम्स स्लेटर नामक गृहस्थाचा साखळ्यांचा लहानसा कारखाना त्याने १८७९ साली विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी बुश व रोलर असलेल्या साखळीचे पेटंट मिळवले. तोवरच्या साखळीत सर्व भार बारीक पिनेवर, तोही पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद जागेत, एकवटत असल्यामुळे ती अल्पावधीत झिजे. रेनॉल्डने पिनेभोवती पोकळ नळी आणि नळीभोवती फिरता रोलर घालून तो भार विस्तृत पृष्ठभागावर वाटून दिला. १८८५ सालच्या स्टार्लेच्या रोव्हर सायकलीने मागचे चाक साखळीने फिरवून दाखवले, परंतु आरंभीच्या बहुतेक मोटारसायकलींची भिस्त पट्ट्यावर होती, आणि भिजलेला पट्टा ऐन चढावर घसरतो हा अनुभव पुरेसा पदरी पडल्यानंतर, १९२०च्या दशकात, साखळीने त्याला जवळजवळ हद्दपार केले.

आपल्याकडे मद्रासेत बुलेटची जुळणी १९५५ साली सुरू झाली, म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१पासून उत्पादन आरंभले, एस्कॉर्ट्सची राजदूत त्याच दशकात आली. आणि साखळ्या करणारी टी. आय. डायमंड चेन ही कंपनी मद्रासेतच १९६० साली स्थापन झाली. तो काळ परवान्यांचा आणि आयातबंदीचा. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि सुट्या भागासाठी मुंबईच्या बाजारात चकरा मारायच्या, अशी स्थिती असताना ढिली झालेली साखळी फेकून न देता तिच्या दोन कड्या काढून तीच पुन्हा चढवावी, हा प्रघात पडला यात आश्चर्य ते काय? दारिद्र्यातून जन्मलेल्या या प्रघाताला आपण पुढे कौशल्याची प्रतिष्ठा दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या कौशल्याची अवजारे मात्र पाहण्यासारखी होती. ऐरणीच्या ठिकाणी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, त्यावर एक जाड नट, नटाच्या भोकावर बरोबर येईल अशी ठेवलेली साखळीची पिन, आणि वर पंच व हातोडी, एवढ्यावर रस्त्याकडेचा मिस्त्री काम उरकी. त्यात जाणता कोण आणि आडदांड कोण हे कानशीवरून ओळखावे. जाणता मिस्त्री पिनेचे चेपलेले डोके प्रथम कानशीने पट्टीच्या पातळीपर्यंत घाशी, आणि मगच पंच लावी. आडदांड मनुष्य तसाच घाव घाली, त्यामुळे डोके पट्टीतून ओढले जाऊन छिद्र मोठे होई, किंवा खालची कडी वाकून सांधा कायमचा आखडे. पिन ढकलणारा स्क्रू ज्यात बसवलेला असतो तो चेन ब्रेकर घरी वापरणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे: डोके न घासता स्क्रू पिळला, तर पिनेआधी ब्रेकरचीच सुई मोडते.

कड्या दोनच्या पटीत काढाव्या लागतात, कारण आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते; एकच कडी कमी करायची तर वाकड्या पट्ट्यांची हाफ लिंक घालावी लागते, आणि ती नेहमीच दुबळी. बहुतेक लहान गाड्यांवरील ४२८ क्रमांकाच्या साखळीत पिनेपासून पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असते, सबब एक जोडी काढली की साखळी २५.४ मिलिमीटरने आखूड होते आणि मागचे चाक साधारण त्याच्या निम्म्याने पुढे सरकते.

आता ज्याला आपण साखळी ‘ताणली गेली’ म्हणतो ती वस्तुतः ताणलेली नसते, पिना आणि नळ्या झिजून प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट पडलेली असते. आणि कर्जतच्या मुसळधार पावसात, तेल लावलेल्या साखळीला चिखलाची बारीक वाळू चिकटून राहिली की ही झीज किती वेगाने होते, हे येथल्या गाडीवाल्यांना वेगळे सांगावयास नको. मोजमाप सोपे आहे. साखळी ताठ ओढून वीस कड्यांचे अंतर मोजावे. नवीन ४२८मध्ये ते २५४ मिलिमीटर भरते, आणि २५९च्या वर गेले तर झीज दोन टक्क्यांवर पोचली असे समजावे. अशा साखळीची एक जोडी कमी केल्याने ढिलाई जाते, पण उरलेली प्रत्येक कडी लांबच राहते, आणि ती दातेरी चक्राच्या दात्यांना मासे धरायच्या गळासारखी वळवून ठेवते.

साखळी आखूड करण्याचे न्याय्य कारण एकच: बाजारातून आणलेली नवी साखळी गाडीच्या मानाने लांब असणे. त्या कामासाठी घरी चांगल्या पोलादाचा ब्रेकर, कानस किंवा छोटा ग्राइंडर, आणि व्हर्निअर एवढे पुरे. जोड क्लिपच्या लॉकचा असेल, तर क्लिपचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे, नाहीतर वाटेतल्या काटकीनेही ती निसटते. ओ-रिंगच्या साखळीचा जोड पिनेचे टोक फुलवून रिव्हेट करायचा असेल, तर त्यासाठीचेच रिव्हेट टूल घ्यावे, कारण हातोडीने डोके एकसारखे फुलत नाही आणि बाजूची पट्टी वाजवीपेक्षा दाबली गेली तर रबरी कडी चिरडून आतले ग्रीस बाहेर पडते. बाकी २५९चा आकडा ओलांडलेल्या जुन्या साखळीपुढे यांपैकी एकही अवजार बाहेर काढू नये. साखळी आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावीत.