मुंबईनं बुजवलेले पाट आणि आपल्या गावचा रस्ता



सध्या आपल्या भागात जिथे जावं तिथे रस्त्याचं काम चालू आहे. आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा सगळ्याजणी एकच सांगतात, रस्ता पाहिजेच. बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात न्यायचं तर रस्ता पाहिजे, मुलींची एसटी बांधापर्यंत यायची तर रस्ता पाहिजे. त्यात दुमत नाही. पण त्याच बैठकीत कुणीतरी हळूच बोलतं, "रुंदीकरणात ओढ्याकाठची करंजं गेली. मुरूम ओढ्यातच ढकलला. जुनी मोरी दिसेनाशी झाली." त्यावर दुसरी म्हणते, "जाऊ दे गं, ओढा काय, चार महिने तर वाहतो."

हे "जाऊ दे" मुंबईनं दोनशे वर्षं केलं. त्याचं काय झालं, ते आज सांगतो. गोष्ट गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांची आहे. ही नावं आपल्याला परकी नाहीत. कितीतरी जणींचे आजोबा, सासरे तिथल्या गिरण्यांत राबले, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहिले. त्यांच्या पायाखालची जमीन मुळात पाण्याची होती.

मुंबई म्हणजे सात बेटं, हे आपण शाळेत शिकलो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. बेटांच्या मध्ये खाड्या आणि सखल खाजण होतं. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरायचं, ओहोटीला बाहेर जायचं. पावसाळ्यात टेकड्यांवरून उतरलेलं पाणीही याच खाजणात साठून मग समुद्राला मिळायचं. जुनी नावं ऐकली की हे पाणी डोळ्यांपुढे येतं. मुंबई बेटावरून माझगावकडे जाताना जिथे पाय धुऊन पुढे जायचं, ती पायधुनी. उमरखाडीच्या तर नावातच खाडी आहे. गिरगावची चौपाटी म्हणजे चार पाट, असा अर्थ मुंबईच्या जुन्या गॅझेटियरात लावलेला आहे. पालघरकडे सातपाटी आहे ना, तशीच ही चौपाटी. पाट म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. गिरगावातल्या वाड्यांची नावंही बघा : खेतवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी. शेतं आणि बागा होत्या, त्या पाण्याच्या जवळ होत्या.

यातला सगळ्यात मोठा बदल १७८४ साली झाला. वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या मोठ्या खिंडीतून भरतीचं पाणी आत यायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला. त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे. हाजीअलीजवळचा आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावर आहे. काम चालू असताना बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग कंत्राटदाराला स्वप्नात देवी दिसली, खाडीतून मूर्ती वर काढल्यावर बांध टिकला, आणि त्याच देवीचं महालक्ष्मीचं देऊळ झालं, अशी कथा सांगतात. तो बांध घातला तेव्हा समुद्र अडला, बरीच जमीन मोकळी झाली, हे खरं. पण समुद्र अडला म्हणून पाऊस थांबला नाही. आधी जे पावसाचं पाणी त्या खिंडीतून बाहेर जायचं, ते आता आतच साचायला लागलं. मधला सखल भाग परातीसारखा होता. कडा उंच, मध्य खोल.

त्या परातीवरून मग रस्ते निघाले. १७९३ साली बेलासिस रोड झाला. सुरतेकडच्या दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या लोकांच्या हाताला काम म्हणून तो बांधला गेला. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीची कामं निघतात, तसंच ते होतं. पुढे माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडीवर रस्ता हवा होता. होड्या उलटून माणसं बुडायची. सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम दिली आणि १८४५ साली तो रस्ता खुला झाला. एका बाईच्या दानातून हजारोंची वाट सोपी झाली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. त्या रस्त्याखाली मिठी नदीचं पाणी जायला पूल ठेवला होता. पण भरावानं नदीचं तोंड आवळलं गेलं, आणि नंतरच्या काळात दोन्ही काठांनी आणखी भर पडत गेली.

१८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली. मग परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्याच गिरण्या झाल्या. आपले लोक गावाकडून तिकडे गेले ते याच काळात आणि नंतर. सखल जमीन भरून काढायला मिळेल ते वापरलं, शहराचा कचरासुद्धा. त्यावर चाळी उभ्या राहिल्या. १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्तीत हवा खेळावी म्हणून त्यानं प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या.

तळ्यांचंही तेच झालं. धोबी तलाव, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव, गोवालिया टँक, ही नावं आज आहेत, पण तळी नाहीत. १८६० च्या सुमाराला विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं आणि तळ्या-विहिरींकडे लक्ष कमी झालं. पुढे हिवतापाची साथ होती. डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला की डास विहिरी आणि तळ्यांत वाढतात. धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून लोकांनी विरोध केला, तरी पुष्कळ विहिरी झाकल्या गेल्या, तळी बुजवली गेली. गोवालिया टँकवर गाई-गुरं पाणी प्यायची, तिथे पुढे मैदान झालं. ८ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींनी "छोडो भारत" ची हाक दिली ती याच मैदानावरून.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. हे सगळं करणारे लोक वेडे नव्हते. प्लेगनं माणसं पटापट मरत होती, हिवतापानं मुलं जात होती, खाडीत होड्या बुडत होत्या. रस्ते काढणं गरजेचंच होतं. चुकलं ते एवढंच की माणसाच्या वाटेचा जितका विचार झाला, तितका पाण्याच्या वाटेचा झाला नाही. पाट बुजवला तर त्याच्या जागी तितकंच पाणी वाहून नेणारी दुसरी सोय हवी. तिच्या दोन्ही कडांना थोडी मोकळी, झाडाझुडपांची जमीन हवी. ती ठेवली नाही.

मुंबईतली पावसाच्या पाण्याची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. भरती असेल तेव्हा गटारांची तोंडंच पाण्याखाली जातात. १९९३ साली ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला. ही क्षमता दुप्पट करा, समुद्राकाठी पंप बसवा, असं त्यात सांगितलं होतं. ते काम पूर्ण होण्याच्या आतच २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. विहार-पवईकडून माहीमपर्यंत वाहणारी सुमारे १८ किलोमीटरची मिठी नदी तोवर भरावांनी आणि बांधकामांनी जागोजागी आवळलेली होती. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तर तिला काटकोनात वळवलेलं आहे. पाणी घराघरात शिरलं. मुंबईत ४०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारनं डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मिठीसाठी वेगळं प्राधिकरण केलं. तोवर पुष्कळ लोक तिला नाला म्हणूनच ओळखत होते. ती नदी आहे, हे शहराला पुरानं आठवण करून दिलं.

आता दादर-परळकडे या. तिथे हिंदमाता म्हणून चौक आहे. दरवर्षी पाऊस जोराचा झाला की बातम्यांत पहिलं नाव हिंदमाताचं. कारण मघाशी सांगितलेल्या परातीचा तो खोल भाग आहे. चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं. आसपासच्या चाळीतल्या बायका पावसाळ्याआधी धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, कागदपत्रं पिशवीत बांधून ठेवतात. २९ ऑगस्ट २०१७ ला अशाच पुरात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले. प्रभादेवी-परळच्या बाजूला रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. त्याखालचं गटाराचं झाकण उघडं होतं, ते दिसलं नाही आणि त्यांचा जीव गेला.

हिंदमाताचं पाणी काढायला महापालिकेनं रे रोडकडे ब्रिटानिया पंपिंग स्टेशन बांधलं. दादर आणि परळच्या मैदानांखाली पाणी साठवायच्या प्रचंड टाक्या केल्या. वाहनं अडू नयेत म्हणून दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उंच केला. यावर कोट्यवधी रुपये खर्च झाले. पूर्वी खाजण जे काम फुकट करत होतं, तेच काम आता जमिनीखालच्या टाक्या आणि विजेचे पंप करतात.

जगात काही ठिकाणी लोकांनी ही चूक मागे फिरवली आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथला एक ओढा झाकून वर रस्ता आणि त्यावर उड्डाणपूल केला होता. २००३ साली तो पाडायला घेतला आणि २००५ साली जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला. पण त्यासाठी आधी बांधलेलं पाडावं लागलं. आपल्या गावात तर अजून ओढा आहे. आपल्याला पाडायचं काही नाही, फक्त बुजू द्यायचा नाही.

मग रुंदीकरण येतं तेव्हा आपण काय बघायचं? पहिली गोष्ट मोरीची. रस्ता रुंद झाला की मोरी लांब करावी लागते. लांब करताना तिचं तोंड लहान झालं तर पाणी मागे तुंबतं आणि वरच्या बाजूच्या शेतात शिरतं. मोठ्या एका मोरीच्या जागी दोन-तीन बारीक पाइप टाकले तर पहिल्याच पुरात काटक्या आणि पालापाचोळा अडकून ते बंद होतात. मोरीचा तळही ओढ्याच्या तळाइतकाच खाली हवा. तो उंच राहिला तर एका बाजूला डबकं होतं, दुसऱ्या बाजूला पाणी पडून जमीन खरवडते.

दुसरी गोष्ट काठाची. ओढ्याकाठचं उंबर, करंज, जांभूळ, निरगुडी आणि वाळा ही नुसती झुडपं नव्हेत. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात. वाहून आलेली माती गवतात अडते, पाणी सावकाश जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात आपल्या विहिरीला पाझर राहतो. म्हणून काठालगतची पट्टी शक्य तितकी सोडायची, आणि एखादं झाड गेलंच तर त्याच काठावर दुसरं लावून घ्यायचं. तिसरी गोष्ट राड्याची. खोदलेली माती, मुरूम, डांबराची ढेकळं ओढ्यापासून लांब टाकायची आणि पहिल्या पावसाच्या आत उचलायची.

हे सांगायचा हक्क आपल्याला आहे का? आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्यानुसार नदी-नाल्यांचं पात्र, जे कुणाच्या मालकीचं नाही, ते सरकारचं म्हणजे सगळ्यांचं आहे. गावच्या नकाशात ओढा दाखवलेला असतो. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत रस्त्याचा आराखडा मागा. किती मोऱ्या आहेत आणि किती होणार, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार २००५ सालापासून आपल्या हातात आहे.

आणि एक काम तर या आठवड्याच्या बैठकीतच होईल. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारा, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. त्या जागेवर चुन्यानं खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अभियंता मोजायला येईल तेव्हा त्या खुणेपाशी उभं राहून त्याला सांगा, पाणी इथवर येतं, मोरी त्या मापाची हवी.