वाल्देमोसाचा मठ

वाल्देमोसाचा मठ : स्पेनच्या मायोर्का बेटावरील कार्थूसियन पंथाचा जुना मठ. त्रामुन्ताना डोंगररांगेत, पाल्मा शहराच्या उत्तरेस. राजा मार्टिन याने १३९९ मध्ये येथील राजवाडा या एकांतवासी साधूंना दिला. आजचे चर्च अठराव्या शतकातील असून त्यातील भित्तिचित्रे चित्रकार गोयाचा मेहुणा मान्युएल बायेऊ याची आहेत. १८३५ मध्ये स्पेन सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्यावर साधू गेले आणि खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. १८३८-३९ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपँ व लेखिका जॉर्ज सांद येथे राहिले. शोपँची प्रकृती ढासळलेली, पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकलेला. तरी त्याने ‘प्रेल्यूड्स’ या पियानोरचना येथेच पूर्ण केल्या. तो नेमका कोणत्या खोलीत राहिला, हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. शोपँमुळे येणाऱ्या प्रवाशांचे साधूंच्या जुन्या औषधालयाकडे सहसा दुर्लक्ष होते. ते मात्र चुकवू नये. प्रत्येक खोलीमागे दरीकडे उघडणारी छोटी बाग आहे. उद्यानांची आवड असणाऱ्यांनी सोयेरच्या वाटेवरील आल्फाबियाही पाहावे : अरब काळातील जलव्यवस्थेचा वारसा आणि कारंज्यांचा वेलमांडव ही त्याची वैशिष्ट्ये. त्रामुन्तानाचा प्रदेश २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.