अहवाल निर्दोष, सांधे मात्र दुखतात

सकाळी उठताना कंबर आखडते, मान वळत नाही, गुडघे ठणकतात. परंतु ईएसआर, आरए फॅक्टर, युरिक अॅसिड सारे मर्यादेत, एक्स-रेही स्वच्छ. असा अहवाल घेऊन दवाखान्याबाहेर पडणाऱ्या रुग्णाला बहुधा 'मनाचा खेळ आहे' एवढेच ऐकावे लागते. नांदेड-लातूर भागात त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : आपण पाणी कोणते पिता?

नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा असला, तरी देगलूर, बिलोली, किनवटकडे ग्रॅनाइट वर येतो. या खडकातील खनिजांतून फ्लोराइड भूजलात उतरते. जिल्ह्यातील काही गावांना फ्लोरोसिसने ग्रासले आहे ते यामुळेच. लातूरची अडचण वेगळी. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत खोल बोअर आणि टँकर हाच आधार उरतो, आणि टँकर कोठे भरला याची चौकशी कोणी करीत नाही.

भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह, तर दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक प्रमाणाचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास फ्लोराइड हाडांत साठते. प्रारंभी केवळ सांधे दुखतात व आखडतात. हाडांची घनता वाढणे, अस्थिबंध चुनखडीसारखे कठीण होणे हे बदल एक्स-रेमध्ये पुढे दिसतात. तेव्हा उशीर झालेला असतो. संधिवाताच्या नेहमीच्या तपासण्यांत फ्लोराइड मोजलेच जात नाही. त्यासाठी लघवीची व पाण्याची स्वतंत्र चाचणी लागते. दातांवरील तपकिरी डाग ही ओळखीची खूण खरी, पण ते डाग बालपणी असे पाणी प्यायलेल्यांनाच पडतात. मोठेपणी या भागात आलेल्याचे दात शुभ्र असू शकतात.

अर्थात प्रत्येक दुखणे फ्लोराइडचे नव्हे. ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, फायब्रोमायल्जिया हेही पाहावे लागतात. चिकुनगुनियानंतर तर सांधे कित्येक महिने दुखतात. २००६ च्या साथीनंतर मराठवाड्याला हे सांगायला नको. शिवाय खऱ्या संधिवातातही काही रुग्णांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो.

फ्लोरोसिस बरा करणारे औषध नाही. मात्र पाणी वेळीच बदलल्यास सुरुवातीच्या वेदना कमी होऊ शकतात. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडून उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. साधा कँडल फिल्टरही निरुपयोगी. आरओ किंवा सक्रिय अॅल्युमिना उपयोगी पडतात. गावपातळीसाठी नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी व चुन्याची 'नालगोंडा' पद्धत विकसित केली आहे.

जिल्ह्याच्या शासकीय प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येते. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत न्यावा आणि बोअरचे असल्यास पंप काही मिनिटे चालवून मगच भरावा.