राज्य गेले, वाणी राहिली : स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांच्या देशांविषयी

जगातील ज्या तीन देशांत कॅथलिक लोकांची संख्या सर्वांहून मोठी आहे, ते ब्राझील, मेक्सिको व फिलिपाईन्स हे होत. या तिन्ही देशांत प्रभूची सुवार्ता रुजली ती युरोपच्या नैर्ऋत्य टोकावरील आयबेरिया या एकाच द्वीपकल्पातून आलेल्या माणसांच्या द्वारे. ब्राझीलवर पोर्तुगालचे, आणि मेक्सिको व फिलिपाईन्स यांवर स्पेनचे राज्य प्रत्येकी सुमारे तीनशे वर्षे चालले, व ती राज्ये लयास जाऊन आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी ब्राझीलमध्ये शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सारे पोर्तुगीज बोलतात आणि मेक्सिकोत घरोघरी स्पॅनिश चालते. फिलिपाईन्समध्ये मात्र स्पॅनिश ही सामान्य जनांची भाषा म्हणून राहिली नाही. राज्यकर्ते शेजारचेच, धर्म एकच, काळही जवळजवळ तितकाच. मग भाषेच्या बाबतीत हा भेद का पडावा? या प्रश्नाचा मागोवा घेत घेत या दोन भाषांनी घडविलेल्या देशांचे ओझरते दर्शन वाचकांस घडवावे, असा आमचा मानस आहे.

स्पॅनिश व पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी असून रोमन शिपायांच्या व वसाहतकारांच्या बोलीभाषेतील लॅटिन ही त्यांची जननी होय. इ. स. ७११ मध्ये मुसलमानी सैन्य त्या द्वीपकल्पात उतरले, व पुढील कित्येक शतकांच्या सहवासाने शेकडो अरबी शब्द या दोन्ही भाषांत मुरले. इ. स. १४९२ मध्ये ग्रनादा पडले आणि कोलंबसही त्याच वर्षी पश्चिमेस निघाला. त्याच वर्षी आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने कॅस्टिलियन भाषेचे, म्हणजेच आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण छापून राणी इसाबेला हिला अर्पण केले, व भाषा आणि साम्राज्य यांची सोबत नित्याची असते असे प्रस्तावनेत प्रतिपादिले. इ. स. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहाने केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर एक रेषा कल्पून दोन्ही राजांनी समुद्रापलीकडचे जग वाटून घेतले. पुढे इ. स. १५०० मध्ये काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, आणि तो भाग रेषेच्या पूर्वेस येत असल्यामुळे पोर्तुगालच्या वाट्यास गेला. ज्यांची भूमी वाटली गेली त्यांस मात्र कोणी विचारले नाही.

आजची स्थिती पाहू. स्पेन, अमेरिका खंडातील मेक्सिकोपासून चिली-अर्जेंटिनापर्यंतची १८ प्रजासत्ताके आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी, अशा २० स्वतंत्र देशांत स्पॅनिश ही राज्यभाषा आहे, व सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. पोर्तुगीज ही पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ तोमे व प्रिन्सिपे आणि आशियातील पूर्व तिमोर या देशांची राज्यभाषा होय. पोर्तुगालची लोकसंख्या सुमारे एक कोटी आणि ब्राझीलची वीस कोटींहून अधिक! लेकीचे घर माहेराच्या वीसपट मोठे झाले, असेच म्हणावयाचे.

हा विस्तार कसा झाला हे सांगताना आम्हां धर्मगुरूंस काही गोष्टींवर पांघरूण घालण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु सत्य झाकून धर्माची सेवा होत नाही. मेक्सिकोत इ. स. १५२० मध्ये देवीची साथ आली, तिने व तिच्या मागून आलेल्या रोगांनी असंख्य लोक मृत्युमुखी पडले. खाणींतील व मळ्यांतील सक्तीच्या श्रमांनी कित्येकांचा अंत झाला. पुढे आफ्रिकेतून माणसे पकडून गुलाम म्हणून नेण्यात आली, त्यांपैकी सुमारे ५० लक्ष एकट्या ब्राझीलमध्ये उतरली. त्या देशात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती इ. स. १८८८ मध्ये, अमेरिका खंडातील इतर सर्व देशांच्या मागून. एका जहाजात निरनिराळ्या जातीजमातींची माणसे कोंबलेली. मळ्यावर परस्परांशी बोलावयाचे तर धन्याची भाषा हाच एक मार्ग. भाषेच्या प्रसाराचे हे एक कारण असे दुःखाचे आहे.

या अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभेतून आवाज उठलाच नाही, असे मात्र नव्हे. इ. स. १५११ मध्ये हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने प्रवचनपीठावरून वसाहतकारांस त्यांच्या क्रूरतेचा जाब विचारला. बार्तोलोमे दे लास कासास यांनी स्वतःची जहागीर सोडून आपले उर्वरित आयुष्य त्याच लढ्यास वाहिले. इ. स. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की, हे लोक पूर्ण अर्थाने मानव असून त्यांचे स्वातंत्र्य अगर मालमत्ता हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. ही वचने पुष्कळांनी ऐकली, थोड्यांनी पाळली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी आहे की, पाद्री लोकांनी देशी भाषा मोडून आपली भाषा लादली. इतिहासात काही ठिकाणी तसे घडलेही. परंतु पहिल्या दोनशे वर्षांत सामान्य क्रम याच्या उलट होता. सुवार्ता समजावयाची तर ती श्रोत्यांच्या भाषेत सांगितली पाहिजे, हे धर्मप्रचारकांनी लवकरच ओळखले. मेक्सिकोत फ्रान्सिस्कन बर्नार्दिनो दे साहागून यांनी नाहुआत्ल भाषेत तेथील लोकांच्या चालीरीतींचा विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. पेरूच्या केचुआ भाषेचे पहिले व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास यांनी इ. स. १५६० मध्ये छापविले. लिमा येथील तिसऱ्या धर्मसभेने केलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक इ. स. १५८४ मध्ये स्पॅनिश, केचुआ व आयमारा अशा तीन भाषांत निघाले. दक्षिण अमेरिकेत छापलेला हा पहिला ग्रंथ होय. ब्राझीलमध्ये येशूसंघीय जोसे दे आंशिएता यांचे तुपी भाषेचे व्याकरण इ. स. १५९५ मध्ये, तर ग्वारानी भाषेचा रुईझ दे मोंतोया यांचा कोश इ. स. १६३९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्वादालुपे येथे पवित्र मातेने हुआन दिएगो याच्याशी संभाषण केले तेही, परंपरेप्रमाणे, त्याच्याच नाहुआत्ल भाषेत.

राजांनी मात्र अठराव्या शतकात निराळे धोरण धरले. पोर्तुगालचा प्रधान मार्केस द पोंबाल याने इ. स. १७५७ च्या हुकूमनाम्याने ब्राझीलमधील तुपीप्रधान सामान्य बोलीस बंदी करून पोर्तुगीज सक्तीची केली, व दोन वर्षांनी येशूसंघीयांस देशाबाहेर काढले. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजानेही इ. स. १७६७ मध्ये येशूसंघीयांस हाकलले आणि इ. स. १७७० मध्ये सर्वत्र कॅस्टिलियन बोलली जावी अशी आज्ञा सोडली. ब्राझीलमध्ये सोन्याच्या शोधामुळे पोर्तुगालहून आलेल्या माणसांची रीघ लागलेली होती, तेथे हुकमाला बळ मिळाले. स्पॅनिश मुलुखात मात्र केवळ कागदाने भाषा बदलली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनचे राज्य कोसळले त्या वेळी तेथे स्पॅनिश बोलणारे अल्पसंख्यच होते, असे इतिहासकार मानतात.

म्हणजे स्पॅनिश भाषेचा खरा विस्तार झाला तो स्पेनचा ध्वज उतरल्यानंतर! नव्या प्रजासत्ताकांनी शाळा, न्यायालये व वर्तमानपत्रे त्याच भाषेत चालविली. वेनेझुएलात जन्मलेले व चिलीत स्थायिक झालेले आंद्रेस बेल्यो यांनी इ. स. १८४७ मध्ये खास अमेरिकन लोकांच्या उपयोगाकरिता स्पॅनिशचे व्याकरण लिहिले. भाषेची मालकी माद्रिदपुरती नाही, असाच त्याचा इत्यर्थ होता. ब्राझीलचा मार्ग निराळा. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा राजदरबार इ. स. १८०८ मध्ये रिओस आला. त्याच वर्षी तेथे छापखाना सुरू झाला, आणि इ. स. १८२२ मध्ये राजपुत्रानेच स्वातंत्र्य पुकारले. म्हणून स्पॅनिश अमेरिकेची अनेक शकले झाली, तरी ब्राझील एकसंध राहिला. पुढे इटली, जर्मनी, जपान येथून लक्षावधी लोक या देशांत आले, तेही दोन पिढ्यांत याच भाषा बोलू लागले. गुलामांचा नातू असलेला माशादो दे असिस पोर्तुगीज भाषेतील एक अग्रगण्य लेखक ठरला व इ. स. १८९७ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. धन्याची भाषा ही अशा रीतीने दासाच्या वंशजाची झाली.

या लाभाबरोबर हानीही झाली, ती विसरता कामा नये. शेकडो देशी भाषा नामशेष झाल्या. ज्या तगल्या, त्यांस आता कोठे मान मिळू लागला आहे. पॅराग्वेत १९९२ च्या राज्यघटनेने ग्वारानीस स्पॅनिशच्या बरोबरीने राज्यभाषा केले; मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने देशी भाषांस राष्ट्रीय भाषा मानले; बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशसह ३६ देशी भाषांस स्थान आहे.

फिलिपाईन्सचे कोडे आता सुटते. मानिला ते मेक्सिकोतील आकापुल्को हा गलबतांचा मार्ग इ. स. १५६५ पासून १८१५ पर्यंत चालला. परंतु इतक्या दूरवर येऊन राहणारे स्पॅनिश लोक फारच थोडे. गावोगाव एकटा धर्मगुरू काय तो परदेशी, आणि तो प्रवचन करी, पापनिवेदन ऐके, ते तेथील भाषेत. इ. स. १५९३ मध्येच मानिलास स्पॅनिश व तागालोग भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले. सार्वत्रिक प्राथमिक शाळांचा हुकूम निघाला तो इ. स. १८६३ मध्ये, आणि ३५ वर्षांनी अमेरिकन राज्य येऊन शाळांत इंग्रजी शिरली. होसे रिझाल यांनी स्पॅनिश सत्तेचे दोष दाखविणारी आपली प्रख्यात कादंबरी इ. स. १८८७ मध्ये स्पॅनिशमध्येच लिहून प्रसिद्ध केली. तथापि त्यांच्या बहुसंख्य देशबांधवांस ती मुळातून वाचता येत नव्हती. १९८७ च्या घटनेने स्पॅनिशचा राज्यभाषेचा दर्जाही संपला. झांबोआंगा येथील चावाकानो ही मिश्र बोली आणि तागालोगमध्ये मिसळलेले हजारो शब्द तेवढे मागे राहिले. श्रद्धा मात्र अढळ राहिली, कारण ती राजाच्या भाषेवर टांगलेली नव्हती.

आफ्रिकेतही हाच अनुभव येतो. काँगोचा ख्रिस्ती राजा पहिला आफोन्सो याने इ. स. १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्रे लिहून गुलामांच्या व्यापाराविषयी तक्रार केली, ती पोर्तुगीज भाषेतच. १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर १९७५ मध्ये अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले. अनेक भाषांच्या त्या देशांत एकोप्याकरिता नव्या सरकारांनी पोर्तुगीजच ठेवली. २०१४ च्या अंगोलातील शिरगणतीत शेकडा ७१ लोक घरी ती बोलत असल्याचे आढळले. पूर्व तिमोरमध्ये १९७५ नंतर इंडोनेशियाच्या अमलात पोर्तुगीज वर्ज्य झाली, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेने उपासनेकरिता तेतुम ही लोकभाषा स्वीकारली. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि तेतुम व पोर्तुगीज दोन्ही राज्यभाषा झाल्या.

आमच्या किनाऱ्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. वसई इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत, व गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. गोव्यात इ. स. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षे गेली, तीन शतके गेली. १९८७ मध्ये गोव्याची राज्यभाषा झाली ती कोंकणीच. त्या हुकमापूर्वी, इ. स. १६१६ मध्ये, मूळच्या इंग्रज अशा येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचून दुसरा मार्ग दाखविला होता. आमच्या घरांत पोर्तुगीज आडनावे राहिली, आणि पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, नाताळ हे शब्द सर्व मराठी जनांच्या तोंडी बसले; परंतु प्रार्थना आम्ही करतो ती मायबोलीत. केवळ रेवदंड्याजवळील कोर्लई गावात पोर्तुगीजपासून निपजलेली एक बोली अद्याप जिवंत आहे. तिचे बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात.

या नावात सर्व इतिहासाचे सार आले आहे. परक्याची भाषा सक्तीने आली तरी ज्यांनी तिला आपली म्हटले त्यांच्याकडे ती राहिली. जेथे लोकांनी आपली म्हटले नाही, तेथे हुकूम आणि शतके दोन्ही वाया गेली. श्रद्धेचेही तसेच आहे. ख्रिस्ती धर्म हा पोर्तुगीजांची शिल्लक होय, असे आम्हांस कोणी म्हणाल्यास त्याला हा इतिहास सांगावा : पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा गेली, आणि श्रद्धा राहिली, कारण आमच्या पूर्वजांनी ती आपल्या शब्दांत स्वीकारली. ते शब्द, ती जुनी गाणी व प्रार्थना ज्या वृद्धांच्या मुखी अजून आहेत, त्यांच्यापाशी बसून तरुणांनी त्या उतरून घ्याव्यात, एवढीच या महोत्सवप्रसंगी आमची विनंती आहे.